दूरध्वनी-तारेवरील घरगुती इंटरनेट
दूरध्वनी केंद्रापासून वर्गणीदाराच्या घरापर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारांच्या जोडीवरून, दूरध्वनीवरील संभाषणात व्यत्यय न आणता, संगणकीय माहितीची अखंड ने-आण करण्याची सेवा. तिच्या तंत्रास अंकीय वर्गणीदार तार अथवा संक्षेपाने डीएसएल म्हणतात. व्यवहारात ही सेवा ‘ब्रॉडबँड’ या नावाने ओळखली गेली. महाराष्ट्रात २००५ पासून सु. दीड दशक मध्यमवर्गीय घरांत इंटरनेट पोहोचविण्याचे ते एक प्रमुख साधन होते. तिच्या इतिहासात तांत्रिक प्रगतीबरोबर आणखी एक सूत्र आढळते. सेवेचा आकार प्रथम वेळेवर, नंतर माहितीच्या परिमाणावर आणि शेवटी वेगावर आधारला गेला. प्रत्येक वेळी माप बदलले आणि त्याबरोबर काटकसरीची रीतही बदलली. ज्या कुटुंबास चालू माप कळले, त्यास थोड्या पैशांत पुष्कळ लाभले. ज्यास ते कळले नाही, त्याच्या हाती अनपेक्षित देयक पडले.

पार्श्वभूमी : मुंबईत पहिले दूरध्वनी केंद्र २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाले. ते चालविणारी व्यवस्था प्रारंभी खाजगी होती. १९४३ मध्ये मुंबईचा दूरध्वनी सरकारच्या ताब्यात आला. पुढे १९८६ मध्ये मुंबई व दिल्ली या शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम या कंपनीची स्थापना झाली. उर्वरित महाराष्ट्राचे जाळे केंद्र शासनाच्या खात्याकडे राहिले व २००० मध्ये ते भारत संचार निगम या कंपनीकडे आले. नवी मुंबईच्या परिसरात या दोन कंपन्यांच्या कार्यक्षेत्रांच्या सीमा एकमेकींना भिडत. या दीर्घ काळात जमिनीखाली व खांबांवरून जे तांबे घातले गेले, ते केवळ मानवी आवाजासाठी होते. पुढे त्याच तांब्यावरून इंटरनेट वाहिले, ही या सेवेच्या स्वस्ताईची मूळ बाजू होय. कारण घरापर्यंतच्या तारेचा खर्च आधीच होऊन गेलेला होता.

वेळेवरील आकारणी : भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६ पासून उभारले जात होते. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था तसेच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्थांचा त्यात सहभाग होता. सर्वसाधारण जनतेसाठी मात्र इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने खुले केले. त्या वेळी व्यक्तिगत वर्गणीदारास २५० तासांसाठी सु. ५,००० रु. पडत व वेग सेकंदास ९.६ किलोबिट एवढाच असे. या वेगाने एक मेगाबाइट माहिती उतरण्यास सु. चौदा मिनिटे लागत. शिवाय जोडणी दूरध्वनीचा क्रमांक फिरवून होत असल्याने दूरध्वनीचा आकार निराळा चढत असे आणि तेवढा वेळ घरचा दूरध्वनी अडकून पडे. म्हणून त्या काळची काटकसर मिनिटांची होती. पत्र आधी लिहून ठेवावयाचे, मग जोडणी घ्यावयाची, पत्र धाडून आलेली पत्रे उतरवून घ्यावयाची व तत्काळ जोडणी तोडून ती सावकाश वाचावयाची, अशी पद्धत रूढ झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये या क्षेत्रातील सरकारी मक्तेदारी संपली. खाजगी कंपन्या आल्या, दर उतरले. परंतु घड्याळाकडे लक्ष ठेवण्याची गरज टळली नाही. ज्यांना घरी हे परवडत नसे, ते तासाच्या दराने चालणाऱ्या सायबर कॅफेत जात.

तंत्र : मानवी संभाषणास सु. ४ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता पुरतात. तांब्याची तार मात्र त्याहून कितीतरी उच्च कंप्रतांचे संकेत काही अंतरापर्यंत वाहून नेऊ शकते. या न वापरलेल्या पट्ट्याचा उपयोग करण्याची कल्पना अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेत १९८० नंतरच्या दशकात पुढे आली. घरगुती ग्राहक जेवढी माहिती पाठवितो त्याहून पुष्कळ अधिक मागवितो, हे ध्यानी घेऊन दोन्ही दिशांना असमान वेग देण्याची सूचना जोसेफ लेचलायडर यांनी केली. पट्ट्याचे अनेक अरुंद उपपट्ट्यांत विभाजन करण्याच्या पद्धतीच्या विकासात स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चॉफी यांचा वाटा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९९ मध्ये मान्य केलेल्या मानकानुसार सु. २६ ते १३८ किलोहर्ट्‌झ हा भाग घराकडून केंद्राकडे आणि १३८ ते १,१०४ किलोहर्ट्‌झ हा भाग केंद्राकडून घराकडे जाणाऱ्या माहितीसाठी असतो. २००३ मधील सुधारित मानकात वरची मर्यादा २,२०८ किलोहर्ट्‌झपर्यंत वाढविण्यात आली आणि अनुकूल परिस्थितीत सेकंदास २४ मेगाबिट एवढा वेग शक्य झाला. घरात तार जेथे येते तेथे स्प्लिटर ही छोटी डबी बसवितात. ती आवाजाच्या कंप्रता दूरध्वनीकडे व उच्च कंप्रता मोडेमकडे वळविते. त्यामुळे एकाच वेळी बोलणे व इंटरनेट दोन्ही चालू राहतात.

धोरण व प्रारंभ : केंद्र शासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाने सदैव चालू असणारी जोडणी, अशी ब्रॉडबँडची व्याख्या त्यात करण्यात आली. २००५ अखेर ३० लाख, २००७ अखेर ९० लाख व २०१० अखेर २ कोटी वर्गणीदार, अशी लक्ष्ये त्यात ठरविली होती. सार्वजनिक कंपन्यांच्या तांब्याच्या तारा अन्य कंपन्यांनाही भाड्याने खुल्या कराव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्याच वर्षी केली होती. धोरणात मात्र ती बंधनकारक करण्यात आली नाही. परिणामी एकाच तारेवर अनेक कंपन्यांनी स्पर्धा करावी, हा काही यूरोपीय देशांत घडलेला प्रकार भारतात घडला नाही. स्पर्धा झाली ती मुख्यत्वे गल्लोगल्ली दूरदर्शन-वाहिन्यांची केबल पुरविणाऱ्या चालकांशी. २०१० च्या अखेरीस देशातील ब्रॉडबँड वर्गणीदारांची संख्या सु. १ कोटी १० लाख, म्हणजे लक्ष्याच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. त्यांपैकी बहुसंख्य जोडण्या दूरध्वनीच्या तारेवरील होत्या.

परिमाणावरील आकारणी : जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने ‘डेटावन’ व महानगर टेलिफोन निगमने ‘ट्रायबँड’ या नावांनी सेवा सुरू केल्या. आता मिनिटे मोजली जात नव्हती. दरमहा ठरावीक शुल्कात ठरावीक मेगाबाइट माहिती मिळे आणि मर्यादेपलीकडे प्रत्येक मेगाबाइटास वेगळा आकार पडे. जोडणी सदैव चालू असल्याने ती तोडण्याची सवय लोकांना राहिली नाही. पण संगणकाची प्रणाली स्वतःला अद्ययावत करण्यासाठी परस्पर माहिती उतरवून घेई, संकेतस्थळांवरील चित्रे व चलत्‌चित्रे न मागता येत आणि हे सारे हिशेबात धरले जाई.

१ जानेवारी २००७ पासून या दोन्ही कंपन्यांनी परिमाणाची मर्यादा असलेल्या योजनांचा वेग सेकंदास २ मेगाबिटपर्यंत वाढविला. शुल्क न वाढता वेग आठपट झाल्याने ही घोषणा ग्राहकांना सुखावह वाटली. तथापि तिची दुसरी बाजू साध्या गणिताने दिसते. सेकंदास २५६ किलोबिट वेगाने अखंड माहिती उतरविल्यास एक गिगाबाइट संपण्यास सु. पावणेनऊ तास लागतात. २ मेगाबिट वेगाने ती सु. ६७ मिनिटांत संपते. मर्यादेपलीकडील मेगाबाइटास एक रुपया असा दर मानला, तर पुढच्या प्रत्येक ६७ मिनिटांस १,००० रु. होतात. दरमहा काही शे रुपयांची योजना घेतलेल्या कुटुंबास काही हजारांचे देयक येण्याचे प्रकार या काळात घडले, त्यांचे कारण बहुधा हेच होते. बिट व बाइट या एककांतील गोंधळानेही त्यात भर घातली. वेग बिटांत व मर्यादा बाइटांत सांगितली जाते. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून ८ मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास फार तर एक मेगाबाइट उतरते.

रात्रीची सवलत : दिवसा व सायंकाळी गजबजणारे जाळे रात्री रिकामे राहते. हा निष्क्रिय राहणारा साठा कामी लावण्यासाठी काही योजनांत रात्रीचा वापर मर्यादेबाहेर ठेवण्यात आला. भारत संचार निगमच्या अशा योजनांत पहाटे २ ते सकाळी ८ ही वेळ असे. २ मेगाबिट वेगाने सहा तासांत सिद्धान्ततः सु. ५.४ गिगाबाइट माहिती उतरते. म्हणजे एका रात्रीचा लाभ कित्येक योजनांच्या संपूर्ण महिन्याच्या मर्यादेहून अधिक होता. मोठ्या फाइली उतरविण्याचे काम नेमून देणाऱ्या आज्ञावल्या त्यामुळे घरोघरी वापरात आल्या. मात्र आठ वाजून गेल्यावरही उतरविणे चालू राहिले, तर तो भाग दिवसाच्या हिशेबात येई. केंद्राचे घड्याळ व घरचा संगणक यांत काही मिनिटांचा फरक असल्यास दोन्ही टोकांना थोडी सूट सोडणे शहाणपणाचे ठरे.

बिनतारी मोडेम आल्यावर आणखी एक गळती निर्माण झाली. संकेतशब्द न घातलेल्या जोडणीचा उपयोग शेजारचा कोणीही करू शके व त्याचा आकार मूळ वर्गणीदारास पडे. प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. जुलै २००८ मधील अहमदाबाद येथील बाँबस्फोटांच्या वेळी धाडलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित बिनतारी जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या.

तारेची लांबी व ओवे परिसर : जाहिरातीतील वेग व घरी मिळणारा वेग यांत अंतर पडते, त्याचे पहिले कारण तारेची लांबी होय. उच्च कंप्रतांचे संकेत तांब्यात झपाट्याने क्षीण होतात. सुधारित मानकाच्या यंत्रणेवर केंद्रापासून एक-दीड किमी.च्या आत सु. २० मेगाबिट वेग शक्य असतो. सु. ३ किमी. अंतरावर तो बराच उतरतो आणि ५ किमी.च्या आसपास एक-दोन मेगाबिट मिळाले तरी पुष्कळ. हे अंतर सरळ रेषेतील नसून तार ज्या वळणांनी येते त्या वाटेचे असते.

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील ओवे या गावासारख्या ठिकाणांच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची ठरते. ओवे हे सिडकोने वसविलेल्या खारघर उपनगरास लागून आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ मधील. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा ओवे, खारघर, कामोठे, कळंबोली इ. २९ गावे तीत समाविष्ट करण्यात आली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर या भागातील शेतजमिनींवर नियोजित वसाहती उभ्या राहिल्या. वसाहतींच्या आखणीत दूरध्वनीसारख्या सोयींचा विचार आरंभापासून होतो. जुनी गावठाणे व नगराच्या कडेला वाढत जाणाऱ्या वस्त्या मात्र त्या सोयींच्या शेवटच्या टोकाला राहतात. शहराच्या मध्यातील व कडेवरील वर्गणीदारांस शुल्क सारखेच असते. तार लांबली की त्याच पैशांत मिळणारी वस्तू कमी होते. कोकणपट्टीतील पावसाळा हे दुसरे कारण. तारांच्या जोडांत पाणी शिरले की रोध बदलतो, गोंगाट वाढतो आणि बोलणे चालू असतानाही इंटरनेट तुटते. रस्ते व इमारतींच्या खोदकामात भूमिगत तारा तुटणे, हे वाढत्या नगराचे नित्याचे दुखणे आहे.

योजनेची पारख : या अनुभवांतून घरगुती वर्गणीदारासाठी काही व्यावहारिक नियम सिद्ध झाले. पहिला नियम असा, की तार जेवढा वेग वाहू शकते त्याहून अधिक वेगाची योजना घेण्यात लाभ नाही. मोडेमच्या माहितीपृष्ठावर तारेतील क्षीणन व संकेत-गोंगाट गुणोत्तर डेसिबेलमध्ये दिसते. क्षीणन जितके अधिक, तितकी तार लांब वा सदोष. ज्या तारेवर ४ मेगाबिटहून अधिक वेग टिकत नाही, तेथे ८ मेगाबिटचे शुल्क देणे म्हणजे निम्मे पैसे वाया घालविणे होय. दुसरा नियम घरातील जोडणीचा. घरात एकाहून अधिक दूरध्वनी संच असल्यास ते सर्व स्प्लिटरच्या पुढे असावे लागतात. एखादा संच त्याच्या आधीच्या तारेवर राहिल्यास वेग घटतो व जोडणी वारंवार तुटते. कित्येक घरांत केंद्राकडे तक्रार करण्यापूर्वी एवढी एक दुरुस्ती पुरेशी ठरे. तिसरा नियम खऱ्या किंमतीचा. जाहिरातीतील शुल्कावर कर असतो (१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्के असल्याने ५०० रुपयांचे ५९० होतात), मोडेमचे भाडे असते आणि दूरध्वनीचे स्थिर भाडे योजनेत धरले आहे की नाही, हेही पाहावे लागते. मोडेमचे भाडे काही वर्षे भरल्यास ते त्याच्या किंमतीएवढे होते. काही योजनांत वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळे. परंतु ज्या तारेचा भरवसा नाही तिच्यासाठी वर्षभर बांधून घेणे हितावह नसे.

चौथी बाब सहभागाची. केंद्रापुढील जाळ्याची क्षमता अनेक वर्गणीदारांत वाटली जाते. नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी हे प्रमाण एकास पन्नास व व्यावसायिक जोडणीसाठी एकास तीस यापलीकडे जाऊ नये, असे सुचविले. रात्री नऊ-दहाच्या सुमारास वेग उतरे, त्याचे कारण तारेत नसून बहुधा या वाटणीत असे.

ग्राहकाचे हक्क : नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्तेविषयी विनियम केले. तीन कामाच्या दिवसांहून अधिक काळ बिघाड राहिल्यास सात दिवसांच्या, सात दिवसांहून अधिक राहिल्यास पंधरा दिवसांच्या व पंधरा दिवसांहून अधिक राहिल्यास एक महिन्याच्या किमान शुल्काची सूट त्यांत ठरविली होती. मात्र तिचा हिशेब तक्रार नोंदविल्यापासून होत असल्याने तोंडी सांगून थांबणाऱ्या वर्गणीदारास तिचा उपयोग नसे. तक्रारीचा क्रमांक घेणे आवश्यक असे. पुढे मर्यादेपलीकडे जादा आकार घेण्याऐवजी वेग कमी करण्याची पद्धत प्रचारात आली. अनपेक्षित देयकाचा धोका तिने टळला. पण ‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ संदिग्ध झाला. यावर २०१६ मध्ये प्राधिकरणाने निर्देश दिले, की मर्यादा व तिच्यानंतरचा वेग ग्राहकास स्पष्ट सांगावा, वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचताच त्यास कळवावे आणि मर्यादेनंतरही तारेवरील ब्रॉडबँडचा वेग ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नये. ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेगही या सुमारास ५१२ किलोबिट झाला होता. जानेवारी २०२३ मध्ये तो २ मेगाबिट करण्यात आला.

तांब्याकडून प्रकाशतंतूकडे : मुंबई महानगर प्रदेशातील अकरावीचे प्रवेश २००९ पासून इंटरनेटवरून होऊ लागले. अर्ज, निकाल, देयके व बँकेचे व्यवहार यांसाठी घरची जोडणी ही चैन न राहता गरज बनली. याच काळात भ्रमणध्वनीवरील इंटरनेट वाढले व २०१६ नंतर अतिशय स्वस्त झाले. २०१९ पासून प्रकाशतंतूवरील घरगुती सेवांत मोठ्या खाजगी कंपन्यांची चुरस सुरू झाली. प्रकाशतंतूत काही किमी. अंतराने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही; ओल्या जोडांचा त्रासही तेथे त्या स्वरूपात नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने दोन्ही सार्वजनिक कंपन्यांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. तीखाली ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे सु. ७८,५०० आणि महानगर टेलिफोन निगमचे सु. १४,४०० कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. तांब्याच्या तारांची देखभाल ज्यांच्या अंगवळणी पडली होती, असा मोठा वर्ग त्यांत होता. लगेचच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा व कचेऱ्या घरात आल्या आणि घराकडून बाहेर जाणाऱ्या माहितीचा वेग प्रथमच कळीचा ठरला. घराने मागवावे अधिक व पाठवावे कमी, या गृहीतकावर उभारलेले तंत्र तेथे अपुरे पडले. त्यानंतर बहुतेक ठिकाणी तांब्याच्या जोडण्यांची जागा प्रकाशतंतू घेत गेला.

मूल्यमापन : दूरध्वनी-तारेवरील इंटरनेटने नवी तार न घालता लक्षावधी घरे जोडली, हे त्याचे मुख्य कार्य होय. त्याच्या उणिवाही त्याच तारेतून आल्या. लांबीचा व पावसाचा भार समान शुल्क देणाऱ्यांवर असमान पडला आणि तारा एकाच मालकाच्या हाती राहिल्याने कडेवरील ग्राहकास पर्याय थोडे उरले. कुटुंबांनी या मर्यादांत राहून मिनिटे वाचविली, मेगाबाइट मोजले, रात्री साधल्या व तारेचे क्षीणन वाचावयास शिकून घेतले. प्रकाशतंतूच्या योजनांत अंतराचा प्रश्न मागे पडला असला, तरी कर, भाडे, मर्यादेनंतरचा वेग, सहभाग व वर्षभराची बांधिलकी या बाबी राहिल्या आहेत. आकार कशाच्या मापाने पडतो हे आधी समजून घेणे, ही या सेवेने घालून दिलेली रीत त्यामुळे आजही उपयोगी पडते.